पंपाची रिले आणि खोचलेली काडी



रावेरकडच्या केळीबागांत विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर कोणाला ठाऊक नाही? विजेचा दाब उतरला की तो आपोआप सुटतो. वारंवार सुटू लागला, की कोणी त्रासून बटणात काडी खोचतो. मोटर चालते खरी. पण एक दिवस जळते. मोटारगाडीतही अशीच एक काडी खोचली जाते. तिच्याविषयी आज दोन शब्द.

पेट्रोलच्या हल्लीच्या गाड्यांत टाकीमध्येच विजेचा लहान पंप असतो. त्याला वीज देणारी जी काडेपेटीहूनही लहान डबी, तीच रिले. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यात थोडी वीज गेली की ते लोहचुंबक बनते, पट्टी ओढते आणि पंपाची मोठी वीज सुरू होते. गुरुजींनी खिळ्याभोवती वेष्टणाची तार गुंडाळावी, सेल जोडावा आणि टाचण्या उचलून दाखवाव्यात. मुलांना चटकन समजेल.

चावी फिरवली की बहुतेक गाड्यांत मागून दोनएक सेकंद ‘घूं’ असा आवाज येतो, तो या पंपाचा. आवाज नाही आणि गाडीही सुरू होत नाही, तर आधी फ्यूज पाहा, मग रिले. पुष्कळदा हॉर्नची रिले त्याच जातीची असते. नंबर व पाय तंतोतंत जुळले, तर ती लावून पाहावी.

पण कोणी म्हणतो, “रिले कशाला? बटण लावून देतो की!” इथे जरा थांबा. इंजिन बंद पडले की रिले सुटते व पंप थांबतो. समजा, बऱ्हाणपूरच्या रस्त्यावर गाडी उलटली, पेट्रोलची नळी फुटली. बटण आपणहून बंद होणार नाही. ते माणसानेच बंद करायचे, आणि माणूस त्या वेळी शुद्धीवर असेलच असे नाही. पेट्रोल वाहत राहते. मग एक ठिणगी पुरे. शिवाय पंपाची वीज बारीक तारेला पेलत नाही. तार तापते, वितळते.

आडरानात अगदीच अडले, तर जाणत्याच्या हातून, फ्यूज कायम ठेवून व चावीवरच्या तारेतूनच बटण जोडावे आणि जवळचे गॅरेज गाठावे. तिथे नवी रिले बसवावी, बटण काढून टाकावे. नवी रिलेही जळली, तर दोष पंपात किंवा तारेत आहे असे समजावे.

बंधूंनो, नवी रिले थोडक्या पैशांत मिळते. गाडीतली बायकामुले सुखरूप घरी यावीत, यासाठीच ती आहे.