प्रकरणाच्या दाराशी अनुक्रमणिका

पाहुण्याला गावाचे नाव सांगितले म्हणजे घर सापडतेच असे नाही. गल्लीच्या तोंडाशीही कुणीतरी वाट दाखवावी लागते. पुस्तकाचेही तसेच आहे.

ही गोष्ट मी माकणीत शिकलो. लोहारा तालुक्यातले हे गाव निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे तुम्हांस ठाऊक असेल. तेथील शेतकऱ्यांसाठी मी हौसेने एक पुस्तिका लिहिली. आरंभी अनुक्रमणिका दिली : पाणी, पान 9, पिके, पान 40. एवढ्यावर मी खूश! पुढे एक म्हातारबा भेटले. म्हणाले, "मास्तर, पाण्याच्या अर्जाचं तुमच्या बुकात हाये म्हणं. नातवानं लई पानं चाळली, घावलं न्हाई. तवर तारीख गेली." माहिती पान 31 वर होती, पण सापडली नाही, म्हणजे नसल्यासारखीच.

समर्थांचा दासबोध पाहा. दशक 20, प्रत्येकात समास 10. ही 200 नावे एकदम आरंभी वाचली तर डोळे भिरभिरतात. पण चौथ्या दशकाच्या तोंडाशी त्यातल्याच दहा समासांची नावे मांडली, की श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंतच्या नऊ भक्ती आणि शेवटचे मुक्तिचतुष्टय एका नजरेत येते. वाट सापडते, शिवाय प्रकरणाचा आकारही कळतो.

संगणकावर हे काम आता सोपे आहे. मथळा नुसता ठळक करू नका. हा मथळा, हा पोटमथळा, अशी खूण त्याला द्या. मग 'रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट'सारख्या खूणपद्धतीत प्रकरणाच्या आरंभी 'कंटेंट्स' ही आज्ञा आणि तिच्याखाली 'लोकल' हा पर्याय लिहिला, की त्याच प्रकरणातल्या पोटमथळ्यांची यादी आपोआप तयार होते. 'डेप्थ'पुढे 1 लिहिले, तर एकच पातळी दिसते. पुढे मथळा बदलला, तर मजकूर पुन्हा तयार करताना यादीही बदलते.

पथ्ये दोनच. दोन पानांच्या प्रकरणाला यादी नको. आणि मथळा वाचकाच्या भाषेत हवा. 'सिंचनविषयक कार्यपद्धती' असे लिहून म्हातारबांना काय कळणार? 'पाण्याचा अर्ज कसा व कधी करावा' असे लिहा.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला दहावा समास पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे. त्यात माझ्या अनुभवाने एकाची भर घालतो : ज्याला वाट ठाऊक आहे, पण जो वाचकाला ती दाखवीत नाही, तोही पढतमूर्खच. माझ्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत पाण्याच्या प्रकरणाआधी सात ओळींची यादी आहे. अर्ज तिच्यात पहिला आहे.