येळवशीचे जेवण आणि माळेगावची जत्रा
(ज्युबिलीच्या समारंभात केलेले भाषण)



आपल्या ज्युबिलीनिमित्त आज जो भारतीय कलांचा व खाद्यांचा समारंभ मांडला आहे, त्याविषयी चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. मंडपाच्या एका अंगास ढोलकीला शाई लागत आहे, दुसऱ्या अंगास चुलीवर भाकरी भाजल्या जात आहेत. अशा समयी लांबलचक व्याख्यान ऐकण्याकडे कोणाचे चित्त लागणार नाही, हे आम्ही जाणून आहो. म्हणून जे सांगावयाचे ते दूरच्या ग्रंथांतून न आणता ह्या कंधारच्या मातीतूनच उचलून सांगतो.

कंधार हे गाव फार जुने. राष्ट्रकूट राजांच्या काळी त्याची मोठी कीर्ती होती. खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, जगत्तुंग सागर हा तलाव आणि हाजी सय्याह ह्यांचा दर्गा पाहावयास लोक आजही येतात. परंतु राजे गेले, राज्ये गेली, आणि ह्या भूमीची जी खरी संस्कृती ती शेताच्या बांधावर आणि जत्रेच्या माळावर शिल्लक राहिली. मार्गशीर्ष महिना सरता सरता ती एकदम दोन ठिकाणी प्रकट होते. वद्य चतुर्दशीस माळेगावी खंडोबाची जत्रा भरते आणि दुसऱ्याच दिवशी, अमावास्येस, नांदेड, लातूर, धाराशिव ह्या भागांतील शेतकरी येळवस साजरी करतात.

प्रथम येळवशीविषयी. पंचांगवाले हिला वेळा अमावास्या म्हणतात. ह्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरून जातात. लातूरसारख्या शहरातही दुपारी रस्त्यावर माणूस दिसणे कठीण. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करावयाची, आत पाच पांडव म्हणून चुन्याने रंगविलेले पाच दगड मांडावयाचे, पूजा करावयाची, आणि आंबील उभ्या पिकाभोवती शिंपावयाची. संध्याकाळी पेटते गवत घेऊन शेताला फेरी घालण्याचीही रीत आहे.

आणि जेवण? ते सांगताना वक्त्याचेही तोंड ओले होते. मुख्य पदार्थ भज्जी. ही काही तळलेली भजी नव्हेत. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, चुका, पालक, वांगी, गाजर, शेंगदाणे असे जे जे त्या ऋतूत हाती लागेल ते सर्व एका भांड्यात शिजवून त्यास बेसन व चिंच लावावयाची. तिच्या जोडीला बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, तिळाची व शेंगांची पोळी, आणि लसूण घातलेली ताकाची आंबील मडक्यात गार झालेली. ह्या भज्जीत कोणती एक भाजी श्रेष्ठ असे सांगता येत नाही. एकेकटी शिजविली असती तर पाहुण्यापुढे ठेवण्यास संकोच वाटला असता, अशी मूठभर पालेभाजीही तीत मोलाची होते.

येळवशीची दुसरी गोष्ट याहून मोठी. त्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसासही हाक मारून शेतात नेतात आणि जेवू घालतात. एका वर्षी आम्ही काही जण कामानिमित्त पायी जात असता एका शेतकऱ्याने आम्हांस असेच थांबविले. त्याने आमचे नाव विचारले नाही, जात विचारली नाही, धर्मही विचारला नाही. “जेवल्याबिगर पुढं जायचं नाही,” एवढेच तो म्हणाला. पीक तर बेताचेच होते. हा मुलूख कोरडवाहू. २०१६ साली लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी आणून द्यावे लागले, हे आपण विसरलो नाही. असल्या मुलखात परक्याच्या पानावर दुसऱ्यांदा भज्जी वाढणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता माळेगाव. हे गाव आज लोहा तालुक्यात मोडते. तो तालुका वेगळा होण्यापूर्वी ते कंधार तालुक्यातच होते. येथील जत्रा मराठवाड्यातील मोठ्या जत्रांपैकी एक. भंडारा व खोबरे उधळले जाते आणि “येळकोट येळकोट जय मल्हार” ह्या गजराने माळ दुमदुमतो. घोडे, गाढवे व उंट विकावयास येतात. गडद तांबड्या रंगाची लाल कंधारी गुरे आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी जनावरे प्रदर्शनात उभी राहतात. ह्या दोन्ही जाती ह्याच भागातील गावांची नावे मिरवितात. भटक्या जमातींची पाले पडतात. कुस्त्यांचा फड रंगतो. वाघ्या-मुरळी दिमडी व तुणतुणे घेऊन जागरण घालतात, आणि जिल्हा परिषदेच्या विद्यमाने लावणीचा महोत्सव होतो.

येथवर सर्व गोड. परंतु ज्युबिलीच्या दिवशी केवळ गोड बोलणे हे खऱ्या मित्राचे लक्षण नव्हे. ज्या मुरळीच्या गाण्याला आपण लोककला म्हणून माना डोलवितो, तिच्यामागे मुलगी देवाला वाहण्याची चाल होती. त्या मुलीस आपल्या जन्माचा निवाडा करण्याची मुभा नव्हती. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण कंधार तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो येथे लागू नव्हता. पुढे महाराष्ट्राने २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलनाचा अधिनियम केला. लावणी-तमाशाचेही तसेच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ह्यांस १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. तरी २००२ साली त्या वारल्या तेव्हा अखेरच्या आजाराचा खर्च लोकांच्या देणग्यांतून भागवावा लागला. आज त्यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते. कलेला टाळी आणि कलावंताला पाठ, ही आपली जुनी खोड आहे.

ह्यात आम्ही स्वतःस वगळीत नाही. मागे एका सणास आम्ही वादक बोलाविले होते. त्यांनी तीन तास वाजविले. आमची पंगत उठल्यावर त्यांना मंडपामागे, उरलेले अन्न, उभ्या-उभ्या वाढले गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायका तर त्यांच्याही नंतर जेवल्या. कोणी तक्रार केली नाही. त्या मुक्या समंजसपणाचीच आम्हांस आज लाज वाटते. फादर स्टीफन्स हे परदेशी गृहस्थ. तरी आपले ‘ख्रिस्तपुराण’, जे १६१६ साली छापले गेले, ते त्यांनी येथल्या लोकांच्या ओवीत रचिले. लोकांची ओवी घ्यावयाची आणि लोकांना दाराबाहेर ठेवावयाचे, हे त्या वारशास शोभत नाही.

म्हणून आमची एकच विनंती आहे. आज पहिली पंगत आचाऱ्यांची, भाकरी भाजणाऱ्या मायबहिणींची, ढोलकीवाल्याची, गाणाऱ्या-नाचणाऱ्या मंडळींची आणि मंडप बांधणाऱ्या गड्यांची बसावी. वाढपी आम्ही व्हावे; पंच, शिक्षक, कारकून, सर्वांनी कमरेला पदर-उपरणे खोचावे. दुसरी पंगत आपली. ढोलकीवाल्याची बिदागी पाकिटात घालून, नाव घेऊन, सर्वांदेखत द्यावी. आणि फाटकाशी कोणी वाटसरू थबकला, तर त्यास “आपण कोण?” असे विचारण्यापूर्वी “जेवलात का?” असे विचारावे.

येळवशीच्या त्या शेतकऱ्याने आम्हांस एवढेच शिकविले. त्याचे ऋण फेडण्यास आजच्यासारखा दिवस पुन्हा लवकर यावयाचा नाही. पत्रावळी मांडून झाल्या आहेत, भज्जी निवू लागली आहे. तेव्हा आता बोलणे पुरे करून आम्ही वाढावयास उठतो.