जुना टीव्ही, नवा टीव्ही आणि मनाला लागलेली टोचणी

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

गेल्या महिन्याच्या बैठकीत कर्जमागणीचे अर्ज वाचत होतो. एका ताईने 12,000 रुपये मागितले होते. कारण, टीव्ही. दोघी-तिघी हसल्या. ती बिचारी ओशाळून म्हणाली, "ताई, आमचा डबा टीव्ही चालतोय अजून. पण सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी त्यावरची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. नवा घ्यावा वाटतो, पण चालती वस्तू कचऱ्यात घालायची म्हणून मन खातं."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तीन वर्षांपूर्वी मीच माझा जुना टीव्ही भंगारवाल्याला दीडशे रुपयांत दिला होता. त्याने तो ओढ्याकाठी फोडला, तांबं काढून नेलं आणि काच तिथेच टाकली. त्या काठाला आपल्याच शेळ्या चरतात. डबा टीव्हीच्या नळीच्या काचेत शिसं असतं, हे मला नंतर कळलं. शिसं माणसाला, विशेषतः लहान मुलांना, फार घातक. मी टीव्ही घेतला ही माझी चूक नव्हती, जुन्याचं पुढे काय होणार हे विचारलं नाही, ही होती.

म्हणून त्या दिवशी आम्ही वहीवर हिशोबच मांडला.

आधी विजेचा. 21 इंची डबा टीव्ही साधारण 80 वॅटचा. रोज चार तास लावला तर महिन्याला साडेनऊ युनिट. 32 इंची एलईडी 45 वॅटचा धरला तर साडेपाच युनिट. वाचले चार. युनिटला 6 रुपये धरले तर महिन्याला 24 रुपये. म्हणजे "वीज वाचते म्हणून घेते" असं कुणी म्हणालं तर 12,000 रुपये फिटायला चाळीस वर्षं लागतील! आणि हौसेने 43 इंची घेतला तर तो बहुधा जुन्याइतकीच वीज खाईल. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, दुकानात ते वाचा.

पण टोचणीही मापात असू द्या. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड रोज अर्धा तास लावला तर महिन्याला साडेबावीस युनिट जातात. त्याबद्दल आपलं मन कधी खात नाही! टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट टॉप बॉक्स वीज घेतच राहतो. भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा, त्याला पैसा लागत नाही.

मग गरजेचा हिशोब. शेजारणीकडे आला म्हणून, सणाची सूट आहे म्हणून, ही गरज नाही. नवा टीव्ही बनवायलाही धातू, काच, प्लास्टिक, वीज लागतेच. दुरुस्तीत भागत असेल तर आधी मेकॅनिकला दाखवा. पण दिवसभर घरात बसलेल्या म्हातारीला दिसत नसेल, तर ती गरजच आहे. त्यासाठी मनाला लावून घेऊ नका.

शेवटचा हिशोब जुन्याचा. चालत असेल तर गरजवंताला द्या. बंद पडला असेल तर तो ई-कचरा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रातून व्हायला हवी आणि त्याची जबाबदारी कंपन्यांवरही आहे. एक्सचेंजमध्ये देताना दुकानदाराला विचारा, "हा पुढे कुठे जातो?" घरी फोडू नका. नळी फुटली की काचा जोरात उडतात.

त्या ताईचं कर्ज मंजूर झालं, 32 इंचीसाठी. डबा टीव्ही जाऊबाईंकडे गेला, त्यांचा बंद पडला होता. तो बंद टीव्ही आम्ही गटाच्या खोलीत ठेवलाय. गावातले असे चार-पाच जमले की एकत्र पाठवणार आहोत. आणि ठराव केला, यापुढे अशा वस्तूसाठी कर्ज मागताना अर्जात लिहायचं, जुन्याचं काय करणार?

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आणि ओढ्याकाठची ती काच? ती मी हातमोजे घालून गोळा केली, गोणीत भरून त्याच खोलीत ठेवलीय. तीही जाईल त्या टीव्हींबरोबर.