टेकडी राखणे म्हणजे नदी राखणे



नगर ज्या भूमीवर वसते, तिच्या चढ-उतारांशी त्याचे भवितव्य बांधलेले असते. वेताळ टेकडी, तळजाई, कात्रजचे डोंगर हे पुण्याचे भूषण तर आहेतच, पण त्याहून अधिक ती पुण्याची जलव्यवस्था आहे. पावसाचे पाणी मुरमातून व काळ्या पाषाणाच्या भेगांतून सावकाश मुरते आणि पायथ्याच्या झऱ्या-विहिरींना मिळते. उतार खोदून सिमेंटने झाकला की तेच पाणी वेगाने खाली धावते. उन्हाळ्यात विहीर आटते, पावसाळ्यात ओढा फुगतो. टंचाई आणि पूर ही एकाच अविचाराची दोन फळे होत.

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणविले. डोंगराचे पाणी आधी अडवावे, मग वापरावे, ही ती दृष्टी. त्याच कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला आणि अनेकांचे प्राण गेले. पाऊस असाधारण होता, हे खरे. परंतु आक्रसलेल्या पात्रात त्याला वाट उरली नव्हती. डोंगरावरील लोभाचे मोल ओढ्याकाठच्या गरिबाने मोजावे, हा न्याय नव्हे.

१९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखण्याचा संकल्प झाला. त्याला शासनाची मान्यता मिळण्यास २०१५ साल उजाडले. बांधकामास बंदी आणि भूधारकास ८ टक्के टीडीआर, असा तो निर्णय. यातील बरीच भूमी खासगी आहे. सर्व नगरासाठी टेकडी राखणाऱ्या शेतकऱ्याला रास्त मोबदला वेळेवर मिळाला नाही, तर आरक्षण कागदावर राहते आणि टेकडीवर अतिक्रमण वाढते. पर्यावरण आणि न्याय यांची येथे फारकत करता येत नाही.

२०२१ मध्ये सूस, बावधन, भिलारेवाडी यांसारखी डोंगराच्या कुशीतील गावेही पालिकेत आली. जुन्या चुका तेथे टाळणे अजून शक्य आहे. त्यासाठी प्रत्येक वस्तीने आपला ओढा कोठून येतो व कोठे जातो, हे पायी फिरून पाहावे. विकास आराखड्यावर हरकती मुदतीत नोंदवाव्यात. घर घेताना दर चौरस फुटाबरोबर जमिनीचा उतारही विचारावा. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाची भक्ती अशा जागरूकतेतूनच सिद्ध होते.