पाहिलं ते सांगितलं म्हणून

उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान उडालं की शेतात भांगलताना आपण मान वर करून बघतो. आज आम्ही एका छोट्या विमानाचीच गोष्ट सांगणार आहोत. ती आहे नागपूरची.

६ मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट होती. एका रुग्णाला घेऊन विमान-अँब्युलन्स नागपूरहून निघाली. आत पाच जण: दोन वैमानिक, एक रुग्ण, एक डॉक्टर आणि एक सहायक. विमान धावपट्टीवरून उठता उठता त्याचं एक चाक निखळून खाली पडलं.

वैमानिकाला आपली चाकं दिसत नाहीत. पण जमिनीवर पहाऱ्याला असलेल्या सीआयएसएफच्या एका जवानानं ते पडताना पाहिलं आणि लगेच कळवलं. निरोप वर वैमानिकापर्यंत पोहोचला.

मग विमान मुंबईला न्यायचं ठरलं. एक चाक नसताना उरलेल्या चाकांवर उतरलं, तर विमान एका अंगाला कलंडून फिरू शकतं. म्हणून कॅप्टन केसरी सिंग यांनी चाकं न वापरता विमान पोटावर उतरवलं. घासून ठिणग्या उडतात, आग लागू शकते, म्हणून धावपट्टीवर आधीच फेस पसरला होता. आगीचे बंब आणि डॉक्टर तयार होते. रात्री नऊच्या सुमारास विमान घसरत जाऊन थांबलं. पाचही जण सुखरूप.

वैमानिकाचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं. पण आम्हाला तो जवानही तेवढाच मोठा वाटतो. 'माझं काय काम?' म्हणून तो गप्प बसला असता तर? मुंबईत फेस पसरला नसता, बंब उभे राहिले नसते. वैमानिक नेहमीसारखा चाकांवर उतरायला गेला असता.

आमच्या गटाचा माल घेऊन आम्ही टेम्पोनं बाजाराला जातो. एकदा मागचं चाक डुगडुगताना दिसलं. ड्रायव्हर जुना, आपल्याला त्यातलं काय कळतंय, म्हणून आम्ही दोन मैल गप्प बसलो. शेवटी आमच्यातल्या एका आजीनं टेम्पो थांबवायला लावला. बघितलं तर दोन नट ढिले! त्या दोन मैलांची आम्हाला अजून लाज वाटते.

उसाच्या ट्रॉलीचं चाक असो, शाळेच्या रिक्षाचं असो, नाहीतर गॅसची नळी असो. दिसलं की बोला. कोण हसलं तर हसू दे. आपली शंका खोटी निघाली तर पाच मिनिटं वाया जातील, खरी निघाली तर माणसं वाचतील.

या आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची: मला काय दिसलं होतं आणि मी बोलले नाही. सुरुवात आम्ही केली आहे. आता तुमची पाळी.