कॅमेऱ्याचे आसन

छायाचित्रणाच्या साहित्यात सर्वांत मोठा मान भिंगाला मिळतो, त्याखालोखाल कॅमेऱ्याला. ट्रायपॉडची, म्हणजे तिपाईची, आठवण पुष्कळदा शेवटी होते; आणि तिपाईचे पाय व कॅमेरा यांना जोडणारा जो माथा, ज्याला व्यवहारात हेड म्हणतात, त्याच्या वाट्याला उरलीसुरली रक्कम येते. घराची तुळई शिसवीची घ्यावी आणि खांबाखालचा दगड मात्र मिळेल तो बसवावा, अशातलाच हा प्रकार होय. भारी कॅमेरा आणि लांब भिंग वापरणाऱ्यास या काटकसरीची किंमत पुढे मोजावी लागते. आणि ती रुपयांत नव्हे, तर हुकलेल्या क्षणांत.

हेड निवडताना गिऱ्हाइकाची दृष्टी प्रथम एका आकड्याकडे जाते. ‘हे हेड दहा किलो वजन पेलते’ असे माहितीपत्रकात छापलेले असते. आपले साहित्य तर चारच किलोचे. मग चिंता कसली, असे वाटणे साहजिक आहे. परंतु हा आकडा काढण्याची सर्व उत्पादकांनी पाळलेली अशी एकच रीत नाही. त्यामुळे एकाचे दहा किलो आणि दुसऱ्याचे दहा किलो यांची तुलना करता येत नाही. शिवाय पेलणे निराळे आणि स्थिर ठेवणे निराळे. पाणवठ्यावरून येणारी स्त्री डोक्यावर भरलेला हंडा आणि त्यावर कळशी घेऊन ताठ मानेने मैलभर चालते. तीच कळशी पसरलेल्या हातात धरली, तर काही क्षणांत हात कापू लागतो. वजन बदललेले नसते. बदललेले असते ते आधारापासूनचे अंतर.

कॅमेऱ्याचेही असेच आहे. बॉल हेडमध्ये एक धातूचा गोळा वाटीत बसवलेला असतो आणि चाप आवळला की घर्षणाने तो जागच्या जागी राहतो. कॅमेरा गोळ्यावर सरळ उभा असतो तोवर त्याचा भार नेमका खाली जातो आणि घर्षणाला फारसे काम पडत नाही. कॅमेरा ३० अंश कलवला, की पूर्ण आडव्या स्थितीत जी ओढ पडेल तिच्या निम्मी ओढ त्या गोळ्यावर पडू लागते. साहित्याचा गुरुत्वमध्य गोळ्याच्या केंद्रापासून १० सेंटीमीटरांऐवजी १५ सेंटीमीटरांवर गेला, तर तीच ओढ दीडपट होते. म्हणून साहित्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचे हेड घ्यावे, हा छायाचित्रकारांत रूढ असलेला सल्ला उधळेपणाचा नाही.

लांब भिंगाच्या बाबतीत या स्थैर्याचे महत्त्व कसे वाढते, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग सुमारे ४० अंश रुंदीचे दृश्य टिपते. ६०० मिलिमीटरचे भिंग साडेतीन अंशांहूनही थोडे कमी. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ५० मीटरांवर पाणथळीत सारस उभा आहे अशी कल्पना करावी. ६०० मिलिमीटरच्या भिंगातून त्या अंतरावर दोन मीटर उंचीचे दृश्य मावते. दीड-पावणेदोन मीटर उंचीचा तो पक्षी चौकटीत जेमतेम बसतो. छायाचित्रकार चाप आवळतो, हात काढतो आणि भिंग केवळ अर्धा अंश खाली झुकते. तेवढ्याने चौकट सुमारे ४४ सेंटीमीटर खाली घसरते आणि सारसाचे डोके चित्राबाहेर जाते. पुन्हा जुळवाजुळव होईपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो.

हे नुकसान क्षुल्लक नव्हे. याच भरतपुरात हिवाळ्यात शुभ्र सायबेरियन क्रौंच उतरत असत. २००२ नंतर ते तेथे आले नाहीत. आज तेथील त्यांचे दर्शन जुन्या छायाचित्रांतच घडते. त्या वेळी ज्याचे भिंग हलले, त्याला दुसरी संधी मिळाली नाही.

मग कोणते हेड घ्यावे? याचे उत्तर कामावरून ठरते. बॉल हेड आटोपशीर, झटपट आणि प्रवासाला सोयीचे. परंतु चार-पाच किलोचे टेलिफोटो भिंग त्यावर ठेवून चाप सैल केला, की सारा भार एकदम एका बाजूस कोसळण्याचा धोका असतो, आणि त्याबरोबर तिपाईही कलंडू शकते. अशा भिंगांसाठी गिंबल हेड उत्तम. त्यात भिंग पाळण्यासारखे टांगलेले असते. भिंगाच्या कड्याखालची पट्टी मागेपुढे सरकवून गुरुत्वमध्य आसाच्या रेषेत आणला, की भिंग बोटाने वळते आणि सोडू तेथे थांबते. येथे भार घर्षणावर नसून समतोलावर असतो. पारडी समान असलेल्या तराजूला धरून ठेवावे लागत नाही, तद्वतच हे आहे.

इमारती, शिल्पे, हस्तलिखिते यांचे चित्रण करणाऱ्यास घाई नसते. अचूकता हवी असते. त्याला तीन दिशांना स्वतंत्र दांडे असलेले हेड, किंवा त्याहून सरस असे दंतचक्रांचे हेड उपयोगी पडते. चक्राचे दाते एकमेकांत अडकलेले असल्याने कॅमेरा घसरत नाही आणि अंशाच्या भागानेही सरकवता येतो. चलच्चित्राची गरज आणखी निराळी. १९१३ साली प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. एका हाताने दांडा फिरत असता कॅमेरा निश्चल ठेवण्याचा सारा भार तिपाईवर आणि तिच्या माथ्यावर असे. पुढे दाट द्रवाच्या अवरोधावर चालणारी फ्लुइड हेडे आली आणि कॅमेरा न अडखळता, एका संथ लयीत फिरवणे शक्य झाले.

हेड भक्कम असले तरी सांधे कच्चे असता कामा नयेत. कॅमेऱ्याच्या तळाला बहुधा १/४ इंचाचा स्क्रू बसतो. हेड आणि पाय यांच्यामध्ये मात्र ३/८ इंचाचा जाड स्क्रूच असावा. लांब भिंगाची पट्टी एकाच स्क्रूवर असेल तर ती त्याभोवती फिरते. दोन स्क्रू असतील तर फिरत नाही. आणि तिपाईची मधली दांडी उंच काढली, की उत्तम हेडही काठीच्या टोकावर बसल्यासारखे डुलू लागते.

खरेदीपूर्वीची परीक्षा साधी आहे. दुकानात आपलेच साहित्य हेडवर चढवावे, ४५ अंश कलवून चाप आवळावा आणि दूरच्या एखाद्या पाटीवरील अक्षर चौकटीच्या मध्यावर धरावे. हात काढल्यावर ते अक्षर किती सरकते ते पाहावे. मग भिंगाच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारावी आणि कंप शमायला किती वेळ लागतो तेही पाहावे. जे हेड या दोन कसोट्यांना उतरेल, ते कागदावरच्या आकड्याहून अधिक विश्वासाचे. मात्र चाप सैल करताना दुसरा हात भिंगाखाली असावा आणि तिपाईचा एक पाय भिंगाच्या दिशेने ठेवलेला असावा, हा नेम उत्तम हेड मिळाल्यावरही मोडू नये.

भिंग प्रकाश गोळा करते, कॅमेरा तो टिपून ठेवतो. हेडचे काम एवढेच, की त्या दोघांना त्यांचे काम निवांतपणे करू द्यावे. जे हेड चांगले, त्याची चित्र घेताना आठवणही होत नाही. आणि हीच त्याच्या गुणवत्तेची खरी खूण होय.