राज्यप्रमुख : साताऱ्याच्या गादीपासून राष्ट्रपतिभवनापर्यंत
(एका व्याख्यानाचा मजकूर)



राज्याचा प्रमुख आणि राज्यकारभाराचा प्रमुख ही दोन पदे एकच की वेगळी, या प्रश्नाला जगातील राज्यघटनांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ही दोन्ही पदे एकटा सांभाळतो. इंग्लंडमध्ये राजपद वंशपरंपरेने चालते. कारभार मात्र पार्लमेंटला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ पाहते. जपानच्या १९४७ च्या घटनेने सम्राटाला केवळ राष्ट्राचे प्रतीक मानले. फ्रान्सने १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान या दोघांनाही खरे अधिकार दिले. त्यामुळे हे दोघे परस्परविरोधी पक्षांचे निघाले की तेथे मोठी ओढाताण होते. स्वित्झर्लंडने तर सात जणांच्या मंडळाकडे कारभार सोपवून अध्यक्षपद दरवर्षी फिरते ठेवले आहे.

परंतु सातारा-सांगलीच्या माणसाला हा विषय समजून घेण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. नामधारी राज्यप्रमुख आणि कर्ता शासनप्रमुख यांचा संसार येथील अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शंभर वर्षांहून अधिक काळ चालला होता.

१७०८ मध्ये साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथास पेशवेपद दिले. शाहू महाराज हयात होते तोवर पेशवा हा खरोखरच त्यांचा प्रधान होता. नेमणूक त्यांची, शब्दही त्यांचा अखेरचा. १७४९ मध्ये ते निवर्तले आणि रामराजे गादीवर आले. पुढल्याच वर्षी सांगोल्यास झालेल्या कराराने कारभाराची सूत्रे पेशव्यांच्या हाती गेली. ताराबाईंना हे रुचले नाही. पेशव्यांना दूर करण्यास रामराजे तयार होईनात, तेव्हा त्यांनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेत ठेवले. राज्याचा धनी कैदेत आणि राज्य मात्र बिनघोर चालू, असा हा विलक्षण प्रकार होता. सत्ता कोठे गेली होती, ते सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

तरीही गादीची गरज संपली नाही. पेशव्यांच्या शिक्क्यात राजाचे नाव आधी आणि प्रधानाचे मागून येई. नवा पेशवा झाला की त्याला साताऱ्याहून वस्त्रे यावी लागत. त्यावाचून त्याचे पद पक्के होत नसे. १७७२ च्या अखेरीपासून दोन वर्षांच्या आत याच रामराजांकडून तीन पेशव्यांना वस्त्रे मिळाली. प्रथम नारायणराव, त्यांच्या खुनानंतर रघुनाथराव आणि त्यांनाही बाजूस सारून, अवघ्या काही आठवड्यांचे सवाई माधवराव! ज्याच्या वस्त्रांवाचून पेशवेपद पुरे होत नव्हते, त्याला वस्त्रे नाकारण्याची मुभा मात्र नव्हती. नामधारी पदाचे बळ आणि त्याची असहायता ही दोन्ही येथे एकाच वेळी दिसतात. दोष रामराजांचा म्हणावा, तर त्यांच्या अधिकाराची सीमा कोठेच नीट आखलेली नव्हती. ती ज्याच्या हाती फौज असेल त्याने ठरवावी, अशी रीत पडून गेली होती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. आता सीमा कागदावर आखली गेली खरी, पण ती परक्याने आखली. परवानगीवाचून बाहेरच्या कोणाशी पत्रव्यवहार करावयाचा नाही, ही त्यातील एक अट. प्रतापसिंहांनी रस्ते, पाणीपुरवठा आणि शिक्षण यांत मन घातले. पुढे त्यांच्यावर कटाचे आरोप आले. दोष कबूल केल्यास गादी राहील, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले व तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. रंगो बापूजींनी त्यांची बाजू लंडनपर्यंत नेली, ती व्यर्थ गेली. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्यही खालसा करण्यात आले.

याच परिसरात शंभर वर्षांनी एका राजाने आपण होऊन अधिकार सोडला. औंधचे संस्थान ७२ गावांचे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकलेचे रसिक आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून सर्वपरिचित आहेत. त्यांच्या राज्यघटनेची आठवण त्यामानाने कमी निघते. महात्मा गांधींच्या सल्ल्याने ही घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचा तिच्यात मोठा वाटा होता. गावाने पाच जणांची पंचायत निवडावयाची, पंचायतींतून तालुका समिती आणि तिच्यातून प्रतिनिधी सभा, अशी तिची रचना होती. अधिकार खालून वर जात होता. राजा राहिला, परंतु राज्य रयतेच्या प्रतिनिधींचे झाले. पंतप्रतिनिधी हे मूळचे छत्रपतींच्या प्रतिनिधीचे पद, ही गोष्ट येथे सहज आठवते. ८ मार्च १९४८ रोजी औंध आणि सांगली ही दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली.

भारताच्या घटनेने हा प्रश्न कसा सोडविला, हे ज्यांनी घटनासमितीपुढे मांडले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शालेय शिक्षण साताऱ्यास सुरू झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी ज्या शाळेत प्रवेश घेतला, ती आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे असल्याचे स्पष्ट केले : तो राज्याचा प्रमुख, कार्यकारी सत्तेचा नव्हे. फरक एवढाच की आपला राष्ट्रपती निवडून येतो आणि घटनाभंगाबद्दल त्याच्यावर महाभियोग चालू शकतो. मंत्रिमंडळाचा सल्ला त्याच्यावर बंधनकारक आहे, हे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शब्दांत घातले. तो सल्ला एकवार फेरविचारासाठी परत पाठविण्याची सवलत १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने दिली.

मग राष्ट्रपतीला स्वतःचा निर्णय कधी घ्यावा लागतो? सभागृहात कोणाचेच बहुमत स्पष्ट नसेल तेव्हा. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिल्यावर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम पाचारण केले, ते विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना. कऱ्हाडच्या या नेत्याने चाचपणी केली आणि पुरेसे पाठबळ नाही असे दिसताच तसे कळविले. नंतर चरणसिंग पंतप्रधान व यशवंतराव उपपंतप्रधान झाले. हे सरकार लोकसभेला सामोरे न जाताच ऑगस्टमध्ये पायउतार झाले. जगजीवनराम यांनी आपला दावा सांगितला होता. राष्ट्रपतींनी त्यांना न बोलावता लोकसभा विसर्जित केली. मावळत्या, विश्वास न मिळविलेल्या मंत्रिमंडळाचा सल्ला मानावा काय, यावर त्यावेळी मोठा वाद झाला. राज्यांपुरते पाहिले, तर बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, विधानसभेतच व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई खटल्यात निश्चित केले.

राज्यपालांची गोष्ट थोडी निराळी. ते निवडून येत नाहीत. राष्ट्रपती त्यांना नेमतात आणि राष्ट्रपतींची मर्जी असेतो ते पदावर राहतात. सांगलीच्या वसंतदादा पाटलांनी ही दोन्ही आसने पाहिली. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडताना ज्यांनी गोळी झेलली, ते दादा पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९८५ मध्ये ते राजस्थानचे राज्यपाल म्हणून जयपूरला गेले. ज्यांनी आयुष्यभर कार्यकर्त्यांच्या गराड्यात निर्णय घेतले, त्यांच्या हाती आता मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने सही करणे आले. पाच वर्षांची मुदत पुरी होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. १९८७ मध्ये राजीनामा देऊन ते महाराष्ट्रात परतले.